मनगटावरच्या चार शिरा

(प्रस्तावना)

नर्सिंगच्या प्रवेशफेऱ्या संपत आल्या की माझा फोन वाजू लागतो. "मॅडम, नंबर लागला. कॉलेज सुरू व्हायला महिना आहे. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचं कुठलं पुस्तक वाचून ठेवू?" कधी मुलगी स्वतः बोलते, कधी तिचे वडील, कधी गावातल्याच एखाद्या आशाताई. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली, अकरावी-बारावीचं सायन्स इंग्रजीतून कसंबसं पेललेली ही मुलगी असते. जीएनएमला तर आर्ट्स घेऊन आलेल्याही असतात. पुष्कळ वर्षं मी सरळ पुस्तकाचं नाव सांगत असे. वडील दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन ते घेऊन येत. मुलगी पहिल्या पानापासून वाचायला बसे, जवळजवळ प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीची रेघ ओढे आणि पेशीच्या प्रकरणातच अडकून पडे. वर्ग भरायचा तेव्हा ती आधीच खचलेली असे. म्हणून पुस्तकाचं नाव सांगणं मी बंद केलं. त्या फोनला आता काय उत्तर द्यावं याचा विचार करता करता ही पुस्तिका तयार झाली.

आधी पुढ्यात काय येणार आहे ते सांगते. बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या सत्रात ॲनाटॉमीला 60 तास आणि फिजिऑलॉजीला 60 तास आहेत. जोडीला नर्सिंग फाउंडेशन, मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि इंग्रजी. एवढ्या वेळात कवटीपासून पायाच्या करंगळीपर्यंत सगळा माणूस उलगडायचा, आणि तो चालतो कसा हेही समजून घ्यायचं. एमबीबीएसच्या मुलांना याच दोन विषयांसाठी अख्खं वर्ष मिळतं, आणि तीही दमतात. तेव्हा शिकवणाऱ्याला थांबायला सवड नसते. माझ्या पाहण्यात जी मुलगी मागे पडली, ती बुद्धी कमी म्हणून क्वचितच पडली. शब्द कानावर पडतो, पण ज्या वस्तूचं ते नाव आहे ती डोळ्यांपुढे येत नाही, आणि तोवर पुढचे दहा शब्द येऊन आदळलेले असतात.

माझंही तसंच झालं होतं. पहिल्याच तासाला 'प्रॉक्झिमल' हा शब्द आला. मी तो देवनागरीत वहीच्या समासात लिहून ठेवला आणि पुढचे तीन आठवडे ते एखाद्या हाडाचं नाव आहे असं धरून चालले. धडाच्या जवळची बाजू म्हणजे प्रॉक्झिमल, धडापासून लांबची म्हणजे डिस्टल, एवढंच ते होतं. खांद्यापासून बोटांपर्यंत स्वतःच्या हातावरून दुसरा हात फिरवत कुणी मला ते सांगितलं असतं तर अर्धं मिनिट लागलं असतं. ते अर्धं मिनिट मिळालं नाही, म्हणून तीन आठवड्यांचं बाकी सगळंही माझ्या हातून निसटलं.

तेव्हा वर्ग भरण्याआधीच्या दिवसांत धडे संपवायचे नाहीत. आपलं शरीर आणि आपल्या घरातले शब्द यांची नीट मांडामांड करून घ्यायची. या मांडामांडीत सर्वांत आधी हाती घ्यावा असा शब्द म्हणजे 'शीर'.

मराठीत शीर कशाकशाला म्हणतात पाहा. रक्त काढायला आलेली सिस्टर म्हणते, "यांची शीरच सापडत नाही." कंबरेतून पायात कळ गेली की आपण म्हणतो, "शीर दबली." जड पिशवी उचलल्यावर हात धरला तर, "शीर आखडली." आणि रागाने कपाळावर जी ताठ उभी राहते, तीही शीरच. पहिल्या वाक्यातली रक्तवाहिनी आहे, व्हेन. दुसऱ्यातली मज्जातंतू, नर्व्ह. तिसऱ्यात बहुतेक वेळा स्नायू किंवा स्नायूला हाडाशी बांधणारा दोर, म्हणजे टेंडन, दुखावलेला असतो. घरात या एका शब्दाने काम भागतं, कारण घरात कुणाला त्यावर उपचार करायचे नसतात. वर्गात मात्र या शब्दाला फोडावंच लागतं.

फोडायला पुस्तक लागत नाही, मनगट पुरतं. डावा तळहात वर करून टेबलावर ठेवा. त्वचेखाली निळसर रेषा दिसतात त्या व्हेन. आता अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट किंचित आत वाकवा. मध्यभागी एक टणक दोर उभा राहील. ते टेंडन, पामॅरिस लाँगस नावाच्या स्नायूचं. काही जणांच्या हातात हा स्नायू जन्मतःच नसतो, त्याने काही बिघडत नाही. तुमच्या हातात दिसला नाही तर आईच्या हातात शोधा. अंगठ्याच्या बाजूला सरकलात की आणखी एक दोर लागतो आणि त्याच्याही पलीकडे, अंगठ्याच्या मुळाखाली, दोन बोटं हलकेच ठेवली की काहीतरी उडतं. ती धमनी, रेडियल आर्टरी. वैद्यबुवा नाडी बघायचे ती हीच. चौथी शीर दिसतही नाही आणि हाताला लागतही नाही. त्या दोन दोरांच्या मध्ये, जरा खोल, मीडियन नर्व्ह आहे. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना स्पर्श कळतो तो हिच्यामुळे. दोन बोटं रुंदीच्या जागेत चार वेगवेगळ्या वस्तू, आणि मराठीत चौघींचं नाव एकच.

हा शब्दांचा खेळ नाही. ऊसतोडीच्या हंगामात कोयता मनगटाला लागलेला माणूस दवाखान्यात येतो आणि सोबतचे सांगतात, "शीर तुटली." कुठली शीर? रक्त उसळत असेल तर धमनी. रक्त थांबलं, पण बोट वाकत नसेल तर टेंडन. बोट वाकतं, पण त्याच्या टोकाला टाचणी टोचलेली कळत नसेल तर नर्व्ह. हे तीन प्रश्न ज्या मुलीला स्वतःच्या मनगटावरून आठवतील, तिचं ॲनाटॉमीचं पुस्तक वेगळ्या रीतीने उघडेल.

असे फसवे शब्द आणखी आहेत. 'काळीज' म्हटलं की आपल्या मनात हृदय धडधडतं. मटणाच्या दुकानात काळीज किंवा कलेजी मागितली तर खाटीक यकृत कापून देतो. 'ढोपर' कुणाच्या तोंडी गुडघा असतो, कुणाच्या तोंडी कोपर. पेशंट "ढोपर दुखतंय" म्हणाला तर मान डोलवायची नाही, "हात लावून दाखवा" म्हणायचं. पुस्तिकेचं पहिलं प्रकरण या शब्दांना दिलं आहे, आणि ते सर्वांत लांब आहे.

पण घरचे शब्द अडवतात त्याहून अधिक ते हात देतात. लॅटिन आणि ग्रीक नावांची जी भीती असते ती बरीचशी यासाठी की ती नावं आभाळातून पडल्यासारखी वाटतात. प्रत्यक्षात ज्यांनी ती ठेवली तेही घरातल्या वस्तू बघूनच ठेवत होते. गुडघ्याच्या पुढच्या हाडाला आपण गुडघ्याची वाटी म्हणतो. लॅटिनमधलं 'पटेला' म्हणजे लहान पसरट भांडं. दोन माणसं, दोन भाषा, आणि दोघांना एकाच हाडात भांडं दिसलं. नडगीचं हाड आणि पावा या दोन्हींना रोमन लोकांचा शब्द एकच, 'टिबिया'. आपल्याकडे मटणाच्या ताटात तसल्याच हाडाला नळी म्हणतात. पाठीच्या कण्याचं शेवटचं टोक आपल्याला माकडाच्या शेपटीची आठवण देतं म्हणून ते माकडहाड. ग्रीकांना त्याच टोकात कोकिळेच्या कुळातल्या पक्ष्याची चोच दिसली, म्हणून 'कॉक्सिक्स'. मांडीवरून तिरका उतरणारा, शरीरातला सर्वांत लांब स्नायू 'सार्टोरियस', म्हणजे शिंप्याचा. मांडी घालून बसताना जी हालचाल होते ती घडवायला तो हातभार लावतो, आणि जुन्या काळचे शिंपी तसेच बसून टाके घालत. आपण जेवायला, भजनाला, पंगतीला तसेच बसतो. हे नाव माझ्या मुली कधी विसरत नाहीत.

दर दिवशी अशी पाच नावं पुरेत. पाचापेक्षा जास्त नकोत, असं मी मुद्दाम सांगते, कारण उत्साहाच्या भरात पन्नास लिहिली जातात आणि आठवड्यात त्यांतलं एकही उरत नाही. नाव मोठ्याने म्हणायचं, बोट त्या जागी ठेवायचं, मराठी नाव बाजूला लिहायचं. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी अंगवळणी पाडून घ्या: चित्रातला माणूस तुमच्याकडे तोंड करून उभा असतो, तळवे पुढे केलेले असतात, आणि 'डावा' म्हणजे त्याचा डावा, तुमच्या हाताकडचा नव्हे. समोर पलंगावर पेशंट असतानाही हाच नियम लागतो.

आता फिजिऑलॉजी. ॲनाटॉमीत काय कुठे आहे ते बघायचं असतं. फिजिऑलॉजीत 'का' विचारावं लागतं, आणि पाठांतरावर भरवसा ठेवणारी मुलगी इथे अडखळते. याला तोड म्हणून मी एकच उदाहरण नीट खोलवर जाऊन समजून घ्यायला सांगते: श्वास.

दरवर्षी पहिल्या तासाला मी विचारते, श्वास घेताना छाती का फुगते? सगळा वर्ग एका सुरात सांगतो, हवा आत जाते म्हणून. उत्तर उलटं आहे. लोहाराचा भाता आठवा. भाता हवेने फुगत नाही. हाताने त्याची फळी ओढून आतली जागा वाढवली की हवा आपोआप आत येते. छातीचंही तसंच आहे. फुफ्फुसांखाली घुमटासारखा श्वासपटल नावाचा स्नायू आहे. तो आकसला की घुमट खाली बसतो, बरगड्या वर आणि बाहेर सरकतात, छातीच्या पोकळीतली जागा वाढते. जागा वाढली की आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, आणि वारा जसा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहतो तशी हवा नाकातून आत येते. शांत श्वासात हा फरक पाऱ्याच्या जेमतेम एका मिलिमीटरचा असतो. तेवढ्यावर सुमारे 500 मिलिलीटर हवा आत येते, आणि त्यातली 150 मिलिलीटर श्वासनलिकांतच राहते, रक्तापर्यंत पोचतच नाही. भरभर उथळ श्वास घेणारा पेशंट का दमतो, ते या शेवटच्या आकड्यात आहे. प्रत्येक श्वासातले 150 वाया जाणारच. मग 500चा श्वास 250वर आला की हाती काय उरतं, ते वजाबाकी करून पाहा.

हे एकदा उमगलं की छातीला भोक पडलेल्या जखमीला श्वास का घेता येत नाही, हेही न शिकवता कळतं. फाटलेल्या भात्याने विस्तव पेटत नाही.

पुस्तिकेत श्वास मोजायचा एक आठवडा आहे. घरातल्या प्रत्येकाचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचे, त्यांना कळू न देता, कारण कळलं की माणूस श्वास बदलतो. हे काम क्षुल्लक वाटेल. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातल्या, फारसं न शिकलेल्या बायकांना बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून मणी सरकवायचं साधं उपकरण तयार केलं होतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त वेळा चालला तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. मोजता येणं आणि न येणं यात बाळाचा जीव असतो. तुम्ही ज्या पेशात येत आहात त्यात आयुष्यभर हेच मोजायचं आहे.

गणिताची धास्ती असलेल्यांनी एक गुणाकार करावाच. हृदय एका ठोक्याला साधारण 70 मिलिलीटर रक्त ढकलतं. मिनिटाला 72 ठोके धरा: जवळपास 5 लीटर. माणसाच्या अंगात रक्तही साधारण तेवढंच असतं. म्हणजे दर मिनिटाला सगळं रक्त एक फेरी मारून येतं. दिवसाची 1440 मिनिटं धरली तर 7200 लीटर. उन्हाळ्यात गावात 10,000 लीटरचा पाण्याचा टँकर येतो, तो तुमचं मुठीएवढं हृदय दीड दिवसाच्या आत उपसून टाकेल. विल्यम हार्वी यांनी 1628मध्ये रक्त शरीरात फिरत राहतं असं मांडलं, तेव्हा त्यांच्या हाती सूक्ष्मदर्शकातून दिसलेला पुरावा नव्हता. अशाच हिशेबाने त्यांनी दाखवलं की अर्ध्या तासात हृदयातून जाणारं रक्त शरीर अन्नातून नव्याने बनवूच शकणार नाही. त्यांच्या पुस्तकात दंडाला पट्टी बांधलेल्या हाताची चित्रं आहेत, फुगलेल्या शिरांवर बोट दाबून झडपा कुठे आहेत ते दाखवणारी. तो प्रयोग आपल्या हातावर आजही करता येतो.

उरलेलं बरंचसं स्वयंपाकघरात सापडेल. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातलं की पाणी सुटतं. पेशीतलं पाणी मिठाकडे ओढलं गेलं, हाच ऑस्मोसिस. सलाईनच्या बाटलीवर 0.9 टक्के असं लिहिलेलं असतं, म्हणजे लीटरला 9 ग्रॅम मीठ. याहून बरंच खारट पाणी शिरेत गेलं तर तांबड्या पेशी काकडीसारख्या आकसतील, नुसतं पाणी गेलं तर फुगून फुटतील. आतड्याच्या भिंतीतून मीठ आणि ग्लुकोज हातात हात घालून आत शिरतात आणि पाण्याला सोबत नेतात, या एका माहितीच्या बळावर 1971मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजलं. सलाईन संपत आलं होतं. तिथलं मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं.

ज्यांच्या घरी मटण शिजतं त्यांना माझी आणखी एक सूचना आहे. बकऱ्याचं हृदय न कापता मागून आणा. उभं चिरा. एका बाजूची भिंत दुसरीपेक्षा कितीतरी जाड दिसेल, ती डावी. उजव्या बाजूला रक्त शेजारच्या फुफ्फुसापर्यंतच पोचवायचं असतं, डाव्या बाजूला पायाच्या बोटांपर्यंत. झडपांना धरून ठेवणारे पांढरे दोरे दिसतील, त्यांना चिमटीत धरून हलकेच ओढा. माझ्या एका विद्यार्थिनीने हे आईच्या ओट्यावर, विळीवर केलं. वर्षअखेरीला तोंडी परीक्षेत हृदयाचा नमुना समोर आल्यावर तिने तो हातात घेऊन फिरवला, आणि परीक्षकांनी प्रश्न विचारण्याआधीच झडपांवर बोट ठेवलं. शेतकऱ्याच्या, मेंढपाळाच्या, कोळ्याच्या घरातून येणाऱ्या मुलींनी गाय विताना पाहिलेली असते, मासा साफ केलेला असतो. हे ज्ञान आहे. कॉलेजच्या दारात ते उतरवून ठेवायचं नसतं. ज्यांच्या घरी हे चालत नाही त्यांनी अजिबात वाईट वाटून घेऊ नये. मनगट आणि भाता त्यांच्याकडेही आहे.

एका गोष्टीची तयारी वेगळी करावी लागते, ती मनाची. बऱ्याच कॉलेजांत नर्सिंगच्या मुलींना जवळच्या मेडिकल कॉलेजच्या डिसेक्शन हॉलमध्ये नेतात. फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात, आणि समोर टेबलावर माणूस असतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मृतदेह पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचा आणि मग वाळ्याच्या, केसांच्या किंवा बांबूच्या कुंच्याने थर हळूहळू घासत आतलं पाहायचं, असं सांगितलं आहे. म्हणजे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय भागत नाही हे आपल्याकडे फार जुनं आहे. आज आपल्या राज्यात 1949च्या ॲनाटॉमी कायद्यानुसार बेवारस देह आणि स्वेच्छेने दिलेले देह शिक्षणासाठी मिळतात. कुणाच्या तरी घरच्यांनी अंत्यसंस्काराचा हक्क सोडून तो देह तुमच्यासाठी दिलेला असू शकतो. आत शिरताना क्षणभर हात जोडावेसे वाटले तर जोडा, लाजू नका.

त्या दिवशी पोटभर खाऊन जा. उपाशी पोटी जाऊ नका, गुडघे ताठ करून एका जागी उभं राहू नका. घेरी येतेय असं वाटलं तर सांगा आणि खाली बसा. घेरी ही मनाची कमजोरी नाही, ती फिजिऑलॉजी आहे: व्हेगस नर्व्ह हृदयाचा वेग उतरवते, पायातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त तिथेच साठतं आणि मेंदूला पुरत नाही. माणूस आडवा झाला की रक्त पुन्हा मेंदूकडे येतं. म्हणून घेरी आलेल्याला धरून उभं करायचं नाही, झोपवायचं.

या पुस्तिकेत पेशीची अंगकं, हाडांवरच्या खाचाखोचा आणि हार्मोन्सच्या याद्या नाहीत. त्या कॉलेजात येतीलच. इथे 30 दिवसांची 30 पानं आहेत. प्रत्येक पानावर पाच नावं, शरीरावर करून पाहायची एक गोष्ट आणि एक 'का'. चित्रं पेणच्या एका मूर्तिकारांनी काढली आहेत. गणपतीच्या हातांची बोटं घडवण्यात त्यांचं आयुष्य गेलं, म्हणून मनगटाचं चित्र दुसऱ्या कुणाकडून काढून घ्यावं असं मला वाटलं नाही. त्यांनी तीनदा काढलं. पहिल्या दोन चित्रांत धमनी करंगळीच्या बाजूला गेली होती. तिसऱ्या वेळी त्यांनी स्वतःचा डावा हात समोर ठेवला, नाडीवर शाईचा ठिपका दिला आणि मग काढलं.

शेवटच्या चार पानांवर दोन रकाने आहेत. डाव्या रकान्यात मी इंग्रजी नावं छापली आहेत, उजवा कोरा आहे. तुमच्या गावात, तुमच्या आजीच्या तोंडी घोट्याला, पोटरीला, बरगडीला, टाळूला, बेंबीखालच्या दुखण्याला काय म्हणतात ते तिथे लिहा. वऱ्हाडातलं वेगळं असेल, कोकणातलं वेगळं, सीमाभागातलं आणखी वेगळं. भरलेली पानं तुमच्या शिक्षिकेमार्फत माझ्याकडे पाठवलीत तर पुढच्या आवृत्तीत 'शीर' आणि 'ढोपर' यांच्या शेजारी तेही शब्द छापता येतील.